लहान शिंग : ॲडव्हेंटिस्टांच्या नजरेतून पोपसत्ता

गेल्या वर्षी आमच्या परीक्षेचा एक पेपर शनिवारी आला. वसतिगृहातला माझा खोलीमित्र त्या पेपराला गेलाच नाही. तो आजारी नव्हता. अभ्यासही झालेला होता. शुक्रवारी सूर्य मावळला तसे त्याने पुस्तक मिटले, आणि शनिवारी सूर्य मावळेपर्यंत ते उघडले नाही. पेपर बुडाला, ए.टी.के.टी. लागली. मला त्याचा राग आला. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. एकेका पेपराची किंमत काय असते हे मला ठाऊक आहे. “अरे, देव काय एका पेपरासाठी रागावतो का?” असे मी त्याला विचारले. तो शांतपणे म्हणाला, “तुझी आई मार्गशीर्षातला गुरुवार मोडते का?” मी गप्प बसलो.

माझा मित्र सेवंथ डे ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाचा आहे. शनिवार हाच देवाने नेमलेला विश्रांतीचा दिवस, म्हणजे शब्बाथ, असे हे लोक मानतात. “मग बाकीचे ख्रिस्ती रविवार का पाळतात?” या माझ्या साध्या प्रश्नाला मिळालेले उत्तर मात्र साधे नव्हते. त्याने बायबलातील दानीएलाचा ग्रंथ उघडला, घड्या पडलेला एक तक्ता कॉटवर पसरला आणि सिंह, अस्वल, चित्ता असे करीत करीत तो रोमच्या पोपपर्यंत येऊन थांबला. मी इतिहासाचा विद्यार्थी. त्या तक्त्याने मला वर्षभर सोडले नाही. ग्रंथालयात बसून, सरांना विचारून आणि मित्राशी वाद घालून जे समजले ते येथे मांडीत आहे. मी ख्रिस्ती नाही. कॅथॉलिक किंवा ॲडव्हेंटिस्ट, कोणाच्याही श्रद्धेला धक्का देण्याचा हेतू नाही, हे आरंभीच सांगतो.

पंथाचा उगम

हा पंथ मूळचा अमेरिकेतला. न्यूयॉर्क राज्यात विल्यम मिलर (१७८२–१८४९) नावाचा एक शेतकरी होता. बायबल आणि त्याची शब्दसूची एवढ्याच सामग्रीवर त्याने दानीएलाच्या ग्रंथातील २३०० दिवसांचा हिशेब मांडला. एक दिवस म्हणजे एक वर्ष असे धरून, इ.स.पूर्व ४५७ पासून मोजत तो १८४३-४४ या सालांवर आला आणि त्या सुमारास ख्रिस्त पुन्हा येणार असे सांगू लागला. शेवटी त्याच्या अनुयायांत २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस नक्की झाला. हजारो लोक वाट पाहत बसले. काहींनी तर शेतातले पीकही काढले नाही. रात्र सरली, दुसरा दिवस उजाडला, आणि काहीच घडले नाही. त्यांच्या इतिहासात या दिवसाला ‘मोठी निराशा’ असेच नाव आहे.

बहुतेक लोक पांगले. जे थोडे उरले त्यांनी तारीख सोडली नाही, तिचा अर्थ बदलला. त्या दिवशी ख्रिस्ताने पृथ्वीवर नव्हे, तर स्वर्गातील मंदिराच्या परमपवित्र स्थानात प्रवेश केला, असे ते म्हणू लागले. जोसेफ बेट्स, जेम्स व्हाइट आणि त्यांच्या पत्नी एलन व्हाइट (१८२७–१९१५) हे या मंडळींतले प्रमुख. शनिवारचा शब्बाथ स्वीकारून त्यांनी १८६३ साली रीतसर संघटना बांधली. आज या पंथाचे जगभर दोन कोटींहून अधिक सभासद आहेत. विल्यम स्पायसर हे त्यांचे मिशनरी १८९८ मध्ये कलकत्त्यास आले. त्यांच्या नावाची शिक्षणसंस्था १९४२ पासून पुण्यात आहे. माझ्या मित्राने मला दिलेली पुस्तकेही पुण्याच्या सॅलिसबरी पार्कातील त्यांच्याच प्रकाशनसंस्थेची होती.

तक्त्यावरची श्वापदे

आता तक्त्याकडे वळू. दानीएलाच्या सातव्या अध्यायात एक स्वप्न आहे. समुद्रातून चार श्वापदे निघतात : पंख असलेला सिंह, अस्वल, चार डोक्यांचा चित्ता, आणि लोखंडी दातांचे, दहा शिंगांचे एक भयंकर श्वापद. या दहा शिंगांत एक लहान शिंग उगवते आणि आधीची तीन शिंगे उपटली जातात. त्याला माणसासारखे डोळे आणि मोठमोठ्या गोष्टी बोलणारे तोंड असते. ते देवाच्या लोकांना छळते, ‘काळ आणि नियम’ बदलू पाहते, आणि साडेतीन काळपर्यंत त्याची सत्ता चालते.

ॲडव्हेंटिस्टांचा अर्थ असा. सिंह म्हणजे बाबिलोन, अस्वल म्हणजे मेद-इराण, चित्ता म्हणजे ग्रीस, आणि चौथे श्वापद म्हणजे रोम. दहा शिंगे म्हणजे पश्चिम रोमन साम्राज्य मोडल्यावर त्याच्या भूमीवर झालेली टोळ्यांची राज्ये. लहान शिंग म्हणजे पोपसत्ता. उपटलेली तीन शिंगे म्हणजे हेरुली, व्हँडल आणि ऑस्ट्रोगॉथ. त्यांची साले ते अनुक्रमे ४९३, ५३४ आणि ५३८ अशी देतात. ‘काळ आणि नियम’ बदलणे म्हणजे शनिवारच्या जागी रविवार आणणे. साडेतीन काळ म्हणजे साडेतीन वर्षे; वर्षाचे दिवस ३६० धरले तर १२६० दिवस होतात, आणि दिवसाला एक वर्ष या न्यायाने १२६० वर्षे. बायबलाच्या शेवटच्या, प्रकटीकरण या पुस्तकातही १२६० दिवस आणि ४२ महिने हे आकडे येतात.

ही वर्षे कोठून मोजावयाची? ५३३ मध्ये सम्राट जस्टिनियनने रोमच्या बिशपला सर्व चर्चचे मस्तक म्हणून संबोधले. मार्च ५३८ मध्ये त्याचा सेनापती बेलिसारियस याच्यापुढे हात टेकून ऑस्ट्रोगॉथांनी रोमचा वेढा उठविला. म्हणून आरंभ ५३८. त्यात १२६० मिळवले की येते १७९८. आणि १७९८ च्या फेब्रुवारीत फ्रेंच सेनापती बर्तिए याच्या सैन्याने रोम घेऊन तेथे प्रजासत्ताक जाहीर केले. पोप सहावा पायस कैद झाला आणि पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये बंदिवासात वारला.

पहिल्यांदा ही बेरीज पाहिली तेव्हा खरे सांगतो, माझ्या अंगावर काटा आला.

हा विचार ॲडव्हेंटिस्टांनीच प्रथम काढला असे मात्र नाही. पोप हाच ख्रिस्तविरोधी, असे ल्यूथरने सोळाव्या शतकात म्हटले होते. गुरुत्वाकर्षणाच्या नियमासाठी आपण ज्याला ओळखतो त्या न्यूटननेही दानीएलावर ग्रंथ लिहिला आणि तो त्याच्या मृत्यूनंतर १७३३ मध्ये निघाला. त्यातही लहान शिंग म्हणजे रोमचे चर्चच आहे. कॅथॉलिक पंडितांनी यावर उत्तरे दिली. रिबेरा या जेझुइटाने हे भाकीत जगाच्या अंतकाळाचे ठरविले, तर अल्काझारने प्रकटीकरणातील गोष्टी पहिल्या काही शतकांतच घडून गेल्या असे मांडले. आजचे बहुतेक बायबल-अभ्यासक लहान शिंगाचा संबंध इ.स.पूर्व १६७ मध्ये यरुशलेमचे मंदिर भ्रष्ट करणाऱ्या चौथ्या अँटिओकस राजाशी लावतात. प्रॉटेस्टंट जगात पोपविषयीचा जुना अर्थ मागे पडत गेला. ॲडव्हेंटिस्टांनी मात्र तो आजतागायत जपला. लिरॉय फ्रूम या त्यांच्या अभ्यासकाने ही सारी परंपरा १९४६ ते १९५४ या काळात चार जाडजूड खंडांत गोळा केली.

जोडा कोठे चावतो

आमचे सर नेहमी सांगतात, सनावळी पाठ करू नका, त्या सालात कोण कोठे उभा होता ते पाहा. मी ५३८ सालात पाहिले. तेव्हा पोप होता व्हिजिलियस. आधीच्या सिल्व्हेरियस पोपला बेलिसारियसने ५३७ मध्ये पदच्युत केले होते आणि याला गादीवर बसविले होते. पुढे जस्टिनियनने याच व्हिजिलियसला कॉन्स्टँटिनोपलला नेऊन वर्षानुवर्षे अडकवून ठेवले. ज्या वर्षी पोपसत्तेचा अंमल सुरू झाला म्हणावयाचे, त्या वर्षीचा पोप सम्राटाच्या मुठीत होता!

ऑस्ट्रोगॉथही ५३८ मध्ये संपले नाहीत. त्यांच्या तोतिला राजाने ५४६ मध्ये आणि पुन्हा ५५० मध्ये रोम जिंकले. त्यांचा खरा मोड झाला तो ५५२ नंतर. पोपसत्तेचा चढ-उतारही या चौकटीत बसत नाही. सम्राट चौथा हेन्री कानोसाच्या गढीबाहेर थंडीत क्षमा मागत उभा राहिला तो १०७७ साली. तिसऱ्या इनोसंटचा काळ ११९८ ते १२१६. म्हणजे ऐन भर मध्येच कोठे तरी आहे, आणि १७९८ च्या कितीतरी आधी धर्मसुधारणेच्या चळवळीने अर्धा युरोप पोपच्या हातून गेला होता. १८०० मध्ये नवा पोप निवडलाही गेला. यावर ॲडव्हेंटिस्टांचे उत्तर असे की, प्रकटीकरणात श्वापदाची प्राणघातक जखम भरून येते असे म्हटलेच आहे; १९२९ मध्ये मुसोलिनीशी करार होऊन व्हॅटिकनचे स्वतंत्र राज्य झाले, हे त्या जखमेचे भरणे.

मला सर्वांत जास्त खटकले ते मात्र वेगळेच. १२६० हा आकडा पक्का, पण त्याचा आरंभ ज्याने त्याने निरनिराळा धरला आहे. काहींनी ६०६ धरले, त्यातून १८६६ आले. न्यूटनने आपल्या टिपणांत ८०० धरले, त्यातून २०६० येते. १७९८ मध्ये पोप कैद झालेला लोकांनी डोळ्यांनी पाहिला आणि मग वजाबाकी करून ५३८ ला महत्त्व आले, असे मला वाटते. उत्तर आधी मिळाले, गणित मागाहून मांडले गेले. शाळेत आम्हीही पुस्तकाच्या शेवटी उत्तर पाहून रीत जुळवीत असू!

भीती कशाची होती

येथेच थांबलो असतो तर ‘सारे खोटे’ असे म्हणून मी मोकळा झालो असतो. पण एलन व्हाइट यांचे ‘द ग्रेट कॉन्ट्रोव्हर्सी’ हे पुस्तक वाचताना तसे म्हणवेना. ते प्रथम १८५८ मध्ये लहान रूपात निघाले, मग १८८४, १८८८ आणि १९११ मध्ये वाढत, सुधारत गेले. त्यात १४१५ मध्ये कॉन्स्टन्स येथे जिवंत जाळलेला यान हुस आहे, आल्प्सच्या दऱ्यांतले वाल्डेन्सियन आहेत, २४ ऑगस्ट १५७२ ची पॅरिसमधील कत्तल आहे. ही माणसे काही कल्पित नाहीत. त्या कत्तलीची बातमी आली तेव्हा पोप तेराव्या ग्रेगरीने आनंदोत्सव केला आणि पदक पाडले, हा इतिहास आहे.

पुस्तक ज्या हवेत लिहिले गेले तीही लक्षात घ्यावयास हवी. ज्या १८४४ साली मिलरचे लोक आकाशाकडे डोळे लावून बसले होते, त्याच साली फिलाडेल्फियात आयरिश कॅथॉलिकांविरुद्ध दंगे होऊन चर्चे जाळली गेली. पोपविषयीची धास्ती अमेरिकेत घरोघरी होती, आणि ती या पुस्तकातही उतरली आहे.

परंतु याच पुस्तकात एक गोष्ट अशी आहे की जी नुसत्या कॅथॉलिकद्वेषातून येत नाही. त्यात अमेरिकेत आलेल्या आद्य प्रॉटेस्टंटांनी इतरांचा छळ केला म्हणून त्यांनाही बोल लावला आहे. प्रकटीकरणातील दुसरे श्वापद, ज्याची शिंगे कोकरासारखी पण बोलणे अजगरासारखे, ते म्हणजे खुद्द अमेरिका, असे जे. एन. अँड्र्यूज या ॲडव्हेंटिस्टाने १८५१ मध्येच लिहिले. एक दिवस सरकार कायद्याने रविवार पाळावयास लावील, ही त्यांची खरी भीती.

ती अगदीच हवेतली नव्हती. १८८८ मध्ये ब्लेअर या सिनेटरने देशभर रविवार सक्तीचा करणारे विधेयक आणले. ॲडव्हेंटिस्टांच्या वतीने ए. टी. जोन्स यांनी समितीपुढे त्याला विरोध केला, आणि ते विधेयक मंजूर झाले नाही. पण टेनेसी राज्यात आर. एम. किंग नावाच्या ॲडव्हेंटिस्ट शेतकऱ्याला रविवारी आपल्याच शेतात काम केल्याबद्दल शिक्षा झाली, आणि १८९१ मध्ये संघीय न्यायालयानेही त्याला दाद दिली नाही. शनिवारी देवासाठी नांगर सोडावयाचा आणि रविवारी सरकारसाठी, म्हणजे आठवड्याचे दोन दिवस शेत पडून. मी शेतकऱ्याचा मुलगा आहे. पेरणीच्या दिवसांत याचा अर्थ काय होतो ते मला कोणी समजावून सांगावयास नको. किंगच्या दृष्टीने श्वापद म्हणजे पुस्तकातले चित्र नव्हते, दारात उभा असलेला फौजदार होता.

आपल्याच घरातली झाडलोट

ॲडव्हेंटिस्टांची चूक बाहेरच्यांनीच दाखविली असेही नाही. १८८८ च्या मिनियापोलिस अधिवेशनात दहा शिंगांत हूण मोजावयाचे की आलेमानी, यावर उरायाह स्मिथ आणि हेच जोन्स यांच्यात कडाक्याचा वाद झाला. १९११ च्या आवृत्तीत एलन व्हाइट यांच्या पुस्तकातील इतर इतिहासकारांचे उतारे अवतरणचिन्हांत घालून त्यांचे आधार दिले गेले. पॅरिसच्या कत्तलीचा इशारा राजवाड्याच्या घंटेने दिला, असे आधी छापले होते. कोणती घंटा यावर इतिहासकारांत मतभेद दिसल्यावर ते नुसते ‘एक घंटा’ असे करण्यात आले. १९१९ मध्ये त्यांचे शिक्षक एकत्र जमले आणि प्रेषितेच्या लिखाणात इतिहासाची चूक आढळली तर वर्गात काय सांगावयाचे, यावर मोकळेपणी बोलले. त्या बोलण्याची नोंद दप्तरात पडून राहिली आणि १९७९ मध्ये प्रसिद्ध झाली.

६६६ या आकड्याची गंमत तर सांगावीच लागेल. पोपच्या मुकुटावर ‘व्हिकारियुस फिलिई देई’, म्हणजे देवपुत्राचा प्रतिनिधी, असे लिहिलेले असते आणि त्यातील रोमन अंकांची बेरीज ६६६ होते, असा प्रचार स्मिथने केला. बेरीज मी करून पाहिली : ११२, ५३ आणि ५०१. बरोबर ६६६. पण मुकुटावर तसे लिहिलेले आहे याला पुरावा मिळेना, आणि त्यांच्याच डब्ल्यू. डब्ल्यू. प्रेस्कॉट यांनी या दाव्याला विरोध केला. उलट कोणीतरी ‘एलन गूल्ड व्हाइट’ या इंग्रजी नावातील अंक मांडले : १००, ५५५ आणि ११. तेही ६६६! मित्राला दाखविले तेव्हा तो मोठ्याने हसला. त्या दिवसापासून आमचे वाद भांडणावर गेले नाहीत.

तसाच समुएले बाक्कियोक्की या ॲडव्हेंटिस्ट इटालियन विद्वानाचा दाखला आहे. त्याने रोमच्या पोपच्या अखत्यारीतील ग्रेगोरियन विद्यापीठात अभ्यास करून शनिवार ते रविवार हा प्रबंध लिहिला. तो १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष असा की, रविवार पाळणे दुसऱ्या शतकातच रोममध्ये सुरू झाले. म्हणजे कॉन्स्टंटाइनच्या ३२१ सालच्या रविवारच्या हुकुमाच्या आधी, आणि ५३८ च्या तर कितीतरी आधी.

तारीख आणि दुखणे

या सगळ्याचा विचार करताना मला आमच्या आज्याची आठवण येते. “बहात्तरच्या दुष्काळात सावकारानं आपला मळा घेतला,” असे तो आम्हाला लहानपणापासून सांगे. गेल्या दिवाळीत मी तलाठ्याकडून जुन्या फेरफाराची नक्कल काढली. मळा गेला तो १९७८ साली. बहात्तरचे कर्ज फेडता फेडता सहा वर्षांनी. मी मोठ्या ऐटीत आज्याला चूक दाखविली. तो म्हणाला, “तुझा कागद खरा आसंल बाबा. पर मळा गेला का न्हाई?”

माणसाला जे दुखते ते तो लक्षात राहील अशा एका मोठ्या तारखेला बांधून ठेवतो. बहात्तर असो की ५३८. इतिहासाच्या विद्यार्थ्याने तारीख तपासलीच पाहिजे. नाही तर एका सावकाराचे पाप दुसऱ्याच्या नातवाच्या माथी मारले जाईल, आणि आजच्या साध्या कॅथॉलिक माणसाला कोणी श्वापदाचा चेला समजेल. पण तारीख चुकली म्हणून दुखणेही खोटे, असे म्हणण्याचाही त्याला अधिकार नाही.

दोन्ही बाजूंना हे थोडे थोडे उमगत असावे. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धर्मस्वातंत्र्याला मान्यता दिली. १९९७ मध्ये ॲडव्हेंटिस्टांनी कॅथॉलिकांविषयी निवेदन काढले. भाकिताचा आपला अर्थ कायम ठेवूनही जुन्या पूर्वग्रहाला थारा देऊ नये, असा त्याचा सूर होता. २२ जून २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी तुरिन येथे वाल्डेन्सियनांच्या मंदिरात जाऊन त्यांची क्षमा मागितली. मे २०२५ मध्ये चौदावे लिओ हे अमेरिकेत जन्मलेले पहिले पोप झाले. “आता तुमचे दोन्ही पशू एकत्र आले की!” असे मी मित्राला चिडविले. तो म्हणाला, “पोप कोणीही होवो. शनिवारी मला पेपर द्यावा लागू नये, एवढंच माझं मागणं आहे.”

या वर्षीच्या वेळापत्रकातही एक पेपर शनिवारी आहे. आम्ही दोघांनी मिळून अर्ज लिहिला. मराठी माझे बरे म्हणून मजकूर माझा, सही त्याची. त्यात दानीएल नाही, १२६० नाही, पोपही नाही. शनिवारी सूर्यास्तानंतर, किंवा दुसऱ्या कोणत्याही दिवशी, वेगळ्या प्रश्नपत्रिकेवर हा पेपर देण्यास मी तयार आहे, एवढेच आहे. अर्ज दिला त्याला आज तीन आठवडे झाले. अजून उत्तर आलेले नाही.